क्वांटम डॉटचं गणित आणि तक्ता जुळून नाही राहिले, शिवाय डॉट लेझर उष्णतेत तग धरतो तो कसा?

पैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव घाटंजी तालुक्यात, कॉलेज यवतमाळला, रोज एसटीनं ये-जा. सेमिनारला ‘सेमीकंडक्टर फोटॉनिक उपकरणांमधल्या क्वांटम डॉट्सचे प्रकाशीय गुणधर्म’ हा विषय घेतला आहे. क्वांटम डॉट म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचा सेमीकंडक्टरचा कण. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमॉव्ह यांना डॉट्ससाठी मिळालं, तेव्हापासून हा विषय मनात होता. गाईड सरांचं काम एक्स-रे डिफ्रॅक्शनवर आहे. त्यांनी ब्रूसच्या (डॉटच्या आकारावरून त्याची ऊर्जा काढायच्या) समीकरणापर्यंत नीट आणून सोडलं, पण पुढं दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं. कॅडमियम सेलेनाइडचे आकडे टाकून मी समीकरण सोडवलं. बँड गॅप १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इलेक्ट्रॉनचं इफेक्टिव्ह मास (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या पटीत) ०.१३, होलचं (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेचं) ०.४५, डायइलेक्ट्रिक स्थिरांक १०. डॉटचा व्यास ६ नॅनोमीटर धरला तर तरंगलांबी ६०० नॅनोमीटर येते, ४ धरला तर ४८८, आणि ३ धरला तर ३८५, म्हणजे थेट अल्ट्राव्हायोलेट! प्रयोगातून काढलेल्या तक्त्यात मात्र ह्याच आकारांना शोषणाचं पहिलं शिखर साधारण ६२५, ५८५ आणि ५५० ला दाखवलं आहे. मित्राकडूनही गणित करून घेतलं, उत्तर तेच. काहून असं होऊन राहिलं?

दुसरं. पुस्तकात एका पानावर लिहिलं आहे की डॉट म्हणजे कृत्रिम अणू, त्याची रेषा अणूसारखी बारीक असते. पुढच्याच पानावरच्या आलेखात चांगला रुंद डोंगर आहे. मग बारीक रेषा गेली कुठं? आणि इतका रुंद डोंगर असताना १९८२ मध्ये अराकावा आणि साकाकी यांनी डॉटच्या लेझरचा थ्रेशोल्ड करंट (लेझर सुरू व्हायला लागणारा किमान करंट) तापमानानं हलणार नाही असं कशाच्या जोरावर सांगितलं?

समोर बी.एस्सी.ची पोरंही बसणार आहेत. त्यांना पटेल असं सांगायचं आहे, म्हणून इथं विचारतो.

संत्रा_पट्टा

तुझं गणित बरोबर आहे. मी आत्ताच वहीवर करून पाहिलं, तिन्ही आकडे तेच येतात. अडचण समीकरणामागच्या गृहीतकात आहे आणि ती सेमिनारमध्ये सांगण्यासारखी आहे, लपवू नकोस.

आधी एक कर. फरक तरंगलांबीत मोजू नकोस, ऊर्जेत मोज. १२४० ला नॅनोमीटरनं भागलं की इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. ६ नॅनोमीटरच्या डॉटला समीकरण २.०७ म्हणतं, प्रयोग १.९८, म्हणजे फरक फक्त ०.०८ च्या आसपास. ४ ला २.५४ आणि २.१२, फरक ०.४२. ३ ला ३.२२ आणि २.२५, फरक जवळपास पूर्ण १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आता चित्र दिसतं का? डॉट मोठा असेल तर समीकरण चांगलं चालतं, लहान होत गेला की हाताबाहेर जातं. चूक अशी पद्धतशीर वाढत असेल तर तिचं कारण बंदिस्तपणाच्या पदात, म्हणजे त्रिज्येच्या वर्गानं भागलेल्या पदात शोधायचं.

त्या पदात आपण धरतो की डॉटच्या भिंती अनंत उंच आहेत आणि इलेक्ट्रॉनची लहर पृष्ठभागावर नेमकी शून्य होते. खऱ्या डॉटभोवती सेंद्रिय रेणूंचं आवरण असतं, नाहीतर झिंक सल्फाइडचं कवच. ही भिंत काही इलेक्ट्रॉन-व्होल्टचीच असते. लहर थोडी बाहेर झिरपते, त्यामुळे इलेक्ट्रॉनला डॉट प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो आणि ऊर्जा कमी भरते. ६ नॅनोमीटरच्या डॉटला हे झिरपणं किरकोळ आहे. ३ नॅनोमीटरच्या डॉटमध्ये मात्र पृष्ठभागच केंद्रापासून दीड नॅनोमीटरवर आहे, तिथं थोडंसं झिरपणंही खूप झालं.

दुसरं कारण इफेक्टिव्ह मासचं. ०.१३ हा आकडा कंडक्शन बँडच्या तळाशीच खरा आहे. ३ नॅनोमीटरच्या डॉटमध्ये तू इलेक्ट्रॉनला तळापासून जवळजवळ १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर नेऊन बसवलंस, तिथं बँड पॅराबोलासारखा वळत नाही आणि मास वाढलेलं असतं. मास वाढलं की पद लहान होतं. आणि हे इलेक्ट्रॉनचंच काहून बघायचं, तर १ भागिले ०.१३ म्हणजे ७.६९, १ भागिले ०.४५ म्हणजे २.२२. एकूण ९.९१ पैकी ७८ टक्के वाटा एकट्या इलेक्ट्रॉनचा. कूलंबचं पद (इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या आकर्षणाचं) ०.०९ ते ०.१७ इतकंच आहे, त्याच्या मागे लागून काही हाती लागणार नाही.

आणखी एक काळजी घे. तुझ्या तक्त्यात शोषणाचं शिखर आहे. इंटरनेटवर रंगीत बाटल्यांचे जे फोटो फिरतात ते उत्सर्जनाचे असतात, आणि उत्सर्जन त्याच डॉटच्या शोषणापेक्षा साधारण १० ते २० नॅनोमीटर लाल बाजूला सरकलेलं असतं. दोन्ही एकाच स्लाइडवर मिसळलेस तर समोरचा जाणकार तिथंच धरेल.

आता बारीक रेषा आणि रुंद डोंगर. हा मला सगळ्या विषयाचा कणा वाटतो. एक डॉट आणि डॉटांचा ढीग ह्या प्रकाशाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या वरुडकडे संत्री ग्रेडिंगला गेली की एकाच झाडाची फळंही वेगवेगळ्या क्रेटमध्ये पडतात. डॉटांचं तसंच आहे, फक्त इथं ग्रेडिंग करणारी मशीन नाही, सगळे एकाच क्रेटमध्ये. प्रत्येकाची रेषा बारीक, पण प्रत्येकाची जागा थोडी थोडी वेगळी. सगळ्यांची बेरीज म्हणजे तो डोंगर.

किती फरक पडतो तो आकड्यात बघ. इंडियम आर्सेनाइडचा एकच डॉट ४ केल्विनला थंड केला तर त्यातला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन-होलची जोडी) साधारण १ नॅनोसेकंद जगतो. त्या आयुष्यातून येणारी रेषेची किमान रुंदी ०.६६ मायक्रो इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चांगल्या वाढवलेल्या ढिगाची रुंदी साधारण ३० ते ४० मिली इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे हजारो पटींचा फरक, आणि तो सगळा आकार, उंची आणि रचनेतल्या किंचित भिन्नतेतून आलेला. खोलीच्या तापमानाला मात्र एकट्या डॉटची रेषाही जाळीच्या कंपनांमुळे काही मिली इलेक्ट्रॉन-व्होल्टची होते. ‘अणूसारखी बारीक रेषा’ हे वाक्य लिहिशील तेव्हा शेजारी तापमान लिहायलाच पाहिजे.

पीएच.डी.ला मी एमबीईवर (निर्वातात अणूंचे थर चढवणाऱ्या यंत्रावर) हेच डॉट वाढवत होते, म्हणून हे डोळ्यासमोर आहे. गॅलियम आर्सेनाइडचा वेफर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला, समोर रीडचा (इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनचा) पडदा. पृष्ठभागाला घासून जाणारा इलेक्ट्रॉनांचा झोत त्या पडद्यावर उभ्या रेघा काढतो. रेघा म्हणजे पृष्ठभाग सपाट. इंडियमचं शटर उघडलं की इंडियम आर्सेनाइडचा थर चढायला लागतो. दोघांच्या जाळीत सुमारे ७ टक्क्यांचा फरक आहे, त्यामुळे थर ताणलेला असतो, तरी काही वेळ तो सपाटच चढतो. मग साधारण १.७ अणुथर झाले की रेघा तुटतात आणि त्यांच्या जागी ठिपके उमटतात. क्षणात. थराला तो ताण सहन होत नाही आणि त्याची बेटं होतात, पायाशी २० नॅनोमीटरच्या आसपास रुंद आणि काही नॅनोमीटर उंच. एका चौरस मायक्रॉनवर शे-पाचशे. रेघांचे ठिपके होताना पाहणं मला प्रत्येक वेळी तितकंच आवडायचं. कोणी कोरून काढलेले नाहीत, ताणातून आपोआप उभे राहिलेले, म्हणूनच सगळे एकसारखे होत नाहीत.

मोठ्या ठोकळ्यातल्या इंडियम आर्सेनाइडचा बँड गॅप ०.३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साडेतीन मायक्रॉनचा इन्फ्रारेड. तोच पदार्थ डॉट होऊन बसला की बंदिस्तपणा आणि ताण मिळून त्याला १.३ मायक्रॉनपर्यंत, हवं तर ०.९ पर्यंत आणतात. १.३ म्हणजे फायबरच्या कामाची तरंगलांबी. कॅडमियम सेलेनाइडची रंगीत बाटली दिसायला छान असते, पण लेझरच्या उपकरणांमध्ये राज्य ह्या ताणातून उगवलेल्या डॉटांचं आहे. सेमिनारमध्ये बाटलीवर थांबू नकोस.

तापमानाचा मुद्दा सविस्तर लिहायचा आहे. आज मार्कशीटचं काम आहे, उद्या बसते.

विज्ञान_शिक्षक_रिसोड

मॅडम, फार चांगलं लिहिलंत. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. एक छोटी विचारणा मध्येच करतो. दुकानात ‘क्यूएलईडी’ म्हणून टीव्ही विकतात. त्यात हेच डॉट असतात का? नववी-दहावीच्या मुलांना दाखवण्यासारखं काही आहे का?

संत्रा_पट्टा

सर, हेच डॉट नाहीत, पण नात्यातले आहेत. तिथं द्रावणात वाढवलेले डॉट एका फिल्ममध्ये पसरलेले असतात. मागून सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, फिल्ममधले काही डॉट तो निळा शोषून हिरवा देतात, काही लाल. पुढं नेहमीचा एलसीडी पडदाच. आज दुकानात मिळणाऱ्या क्यूएलईडीमध्ये डॉटांना वीज दिली जात नाही, प्रकाशच दिला जातो. कॅडमियमवर युरोपात कडक मर्यादा आल्यापासून बऱ्याच ठिकाणी इंडियम फॉस्फाइड वापरतात. त्याचा डोंगर कॅडमियम सेलेनाइडपेक्षा थोडा रुंद असतो, ३५ ते ४० नॅनोमीटर.

मुलांना दाखवायला जुनी सीडी पुरते. तिच्यावरच्या खाचा १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, ती ग्रेटिंगचं काम करते. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडनं बारीक फट पाडायची, आत सीडीचा तुकडा तिरपा बसवायचा, वरून बघायचं. साध्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये निळ्यानंतर एक खळगा दिसतो आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा. डॉटांच्या टीव्हीवर पांढरा पडदा लावला तर निळा, हिरवा, लाल असे तीन वेगळे पट्टे सुटे दिसतात. ज्याच्या घरी असा टीव्ही असेल त्या मुलाकडे खोकं पाठवा. सूर्याकडे मात्र त्यातून कोणालाही बघू देऊ नका.

सिंदेवाही_फायबर

नमस्कार मॅडम. मी फिजिक्सवाला नाही, ग्रामपंचायतींच्या फायबरचं मेन्टेनन्स पाहतो. स्प्लायसिंग, ओटीडीआर, पॉवर मीटर, हेच आमचं काम. १.३ मायक्रॉन वाचलं आणि थांबलो, काहून की आमच्या ओएनटीतून (ग्राहकाकडच्या फायबरच्या डब्ब्यातून) वर जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा, आणि खाली येणारा १४९० चा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५-४६ ला जातो. बऱ्याच ठिकाणी डब्बा टिनाच्या खोलीत लावून आहे. मॉड्यूलचे आकडे लॅपटॉपवर काढले तर सकाळी टेंपरेचर ३८ दाखवते, बायस करंट (लेझरला दिलेला करंट) १२-१३ मिलिअँपिअर. भर दुपारी टेंपरेचर ६५, करंट २० च्या वर. आणि पॉवर पाहिली तर तेवढीच, काही फरक नाही. गावातले लोक विचारतात दुपारी नेट काहून अडखळते, त्याचं कारण कधी लाइट असते, कधी बॅटरी. पण हा करंट काहून वाढते ते मले कोणी सांगितलं नाही. डॉटवाला लेझर असता तर वाढला नसता का?

संत्रा_पट्टा

भाऊ, तुम्ही दिलेल्या आकड्यांनी माझं काम निम्मं केलं. पैनगंगा, हे आकडे भाऊंची परवानगी घेऊन सेमिनारमध्ये टाक. आपल्याच भागातलं मोजमाप आहे.

आधी पॉवर तेवढीच का राहते ते. लेझरच्या मागच्या बाजूला एक फोटोडायोड बसवलेला असतो. तो प्रकाश मोजतो, आणि कमी पडला की सर्किट करंट वाढवून भरपाई करतं. म्हणून उष्णतेचा मार पॉवरमध्ये दिसत नाही, करंटमध्ये दिसतो.

आता करंट का वाढतो. तुमच्या डब्यात डॉट नाहीत. अशा मॉड्यूलमध्ये सहसा इंडियम फॉस्फाइडवर बनवलेले क्वांटम वेलचे लेझर असतात, म्हणजे इलेक्ट्रॉन एका पातळ थरात कोंडलेला, पण त्या थरात आडवा-उभा फिरायला मोकळा. मोकळा असल्यामुळे त्याच्या ऊर्जा एकमेकींना लागून आहेत, मध्ये अंतर नाही. लेझर एका ठरावीक ऊर्जेला प्रकाश देतो, आणि तापमान वाढलं की इलेक्ट्रॉन त्या ऊर्जेवरून वरच्या मोकळ्या जागांमध्ये पसरतात. जे पसरले ते लेझरच्या कामाचे राहिले नाहीत. शिवाय १.३ मायक्रॉनच्या ह्या पदार्थांत ऑजे (Auger) प्रक्रिया तापमानाबरोबर वाढते, तिथं इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात पण ऊर्जा प्रकाशात न जाता तिसऱ्याच कणाला मिळते. काही इलेक्ट्रॉन वेलच्या काठावरून बाहेर सांडतात. सगळ्या तुटीची भरपाई जास्तीच्या करंटनं.

ही वाढ घातांकी असते आणि तिचा मापदंड म्हणजे टी-शून्य. ह्या जातीच्या लेझरला तो ५० ते ७० केल्विन असतो. ६० धरू. ३८ वरून ६५ म्हणजे २७ अंशांची वाढ. २७ भागिले ६० म्हणजे ०.४५, त्याचा एक्स्पोनेन्शियल १.५७. साडेबाराला १.५७ नं गुणा, १९.६ येतात. गरम लेझरला दर मिलिअँपिअरमागे प्रकाशही कमी मिळतो, तो थोडा वाढवा की तुमचे २० च्या वर आले. तुमच्या बायस करंटमध्ये थ्रेशोल्डच्या वरचाही भाग आहे, तेव्हा हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा आणि माप बरोबर आहे.

आता डॉट. त्यात इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडलेला. वरची पुढची पायरी लागूनच नाही, १.३ मायक्रॉनच्या चांगल्या डॉटांमध्ये ती ६० ते ८० मिली इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ताकद २६ मिली इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पायरी ७० ची धरली तर वर उडी मारण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के, ६५ अंश सेल्सिअसला ९ टक्के. वरच्या पायरीवर जागा दुप्पट आहेत म्हणून हे आकडे दुप्पट कर. तरी बहुतेक इलेक्ट्रॉन खालीच, म्हणजे कामावरच राहतात, आणि तापमानानं त्यात फार बदल होत नाही. अराकावा आणि साकाकी यांच्या १९८२ च्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. पैनगंगा, तू विचारलंस की डोंगर इतका रुंद असताना हे कसं. डोंगराची रुंदी वेगवेगळ्या डॉटांमुळे आहे. उष्णता इलेक्ट्रॉनला एका डॉटच्या आतल्या पायऱ्यांवर चढवते, आणि त्या पायऱ्यांमधलं अंतर प्रत्येक डॉटमध्ये शाबूत आहे. एकट्या डॉटचा गुण ढिगातही टिकतो तो असा.

१९९४ मध्ये प्रत्यक्ष डॉट लेझर चालले, पण खोलीच्या तापमानाला ते इतके निश्चल निघाले नाहीत. कारण होल. होल जड आहे, आणि जड कणाच्या पायऱ्या जवळजवळ असतात, काही मिली इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. २६ च्या उष्णतेपुढं तेवढं अंतर काहीच नाही. इलेक्ट्रॉन खाली शिस्तीत बसलेला, पण त्याच्याशी जुळणारा होल वर कुठंतरी पसरलेला, म्हणजे प्रकाश नाहीच. ह्यावर उपाय निघाला तो मला फार सुंदर वाटतो. डॉटांच्या शेजारच्या थरात पी प्रकारचं डोपिंग करायचं, म्हणजे प्रत्येक डॉटला आधीच काही जास्तीचे होल पुरवून ठेवायचे. मग काही वर पसरले तरी खालची पायरी भरलेली राहते. अशा लेझरचा थ्रेशोल्ड खोलीच्या तापमानापासून वर बऱ्याच अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवता आला आहे.

तेव्हा भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: असा लेझर डब्यात असता तर दुपारचा करंट सकाळच्या बराच जवळ राहिला असता. तरंगलांबी मात्र सरकलीच असती. बँड गॅप उष्णतेनं आकसतो, तो डॉटमध्येही आकसतो, त्यामुळे प्रकाशाचं शिखर अंशामागे साधारण अर्धा नॅनोमीटर लाल बाजूला जातं. तुमच्या जीपॉनच्या (फायबर जाळ्याच्या पद्धतीच्या) मूळ मानकात वर जाणाऱ्या प्रकाशाला १२६० ते १३६० इतकी रुंद खिडकी दिलेली होती, त्यामुळे थंड करण्याची सोय नसलेला स्वस्त लेझर त्यात मावतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. कनेक्टरवर धूळ बसली की थोडा प्रकाश परत लेझरमध्ये शिरतो आणि त्याला अस्थिर करतो. डॉट लेझरमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या हलली तरी अपवर्तनांक फार हलत नाही, त्यामुळे तो परावर्तन जास्त सहन करतो. सिलिकॉन चिपवर लेझर बसवणाऱ्या लोकांना डॉट हवेहवेसे वाटतात त्यात हे एक मोठं कारण आहे. दुसरं म्हणजे सिलिकॉनवर वाढवलेल्या थरात जाळीचे दोष राहतातच. वेलमधला इलेक्ट्रॉन फिरत फिरत त्या दोषात जाऊन पडतो, डॉटमधला आपल्या जागी कोंडलेला असतो.

डॉटची कमजोरीही सांगते, नाहीतर सेमिनार जाहिरातीसारखा होईल. एका थरात डॉट फार थोडे, म्हणून प्रकाशवर्धन कमी. त्यासाठी अनेक थर एकावर एक चढवावे लागतात. पोकळीत नुकसान जास्त असेल तर खालच्या पायरीचं वर्धन पुरत नाही आणि लेझर उडी मारून वरच्या पायरीवर, १.२ मायक्रॉनच्या आसपास चालायला लागतो. फायबरसाठी बनवलेला लेझर भलत्याच तरंगलांबीवर! आकारातली भिन्नता कमी करायची आणि थर वाढवायचे, ह्या दोन गोष्टींसाठी वाढवणाऱ्यांची सगळी मेहनत असते.

सिंदेवाही_फायबर

मॅडम, आता समजलं. आकडे बिनधास्त वापरू द्या त्या भाऊले. ह्या महिन्यात पाच-सहा ठिकाणचे सकाळ-दुपारचे आकडे काढून इथंच टाकतो. आणि कनेक्टर पुसायचा नियम आमच्या पोरांना आता कारणासकट सांगता येईल.

पैनगंगा_काठ

मॅडम, भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. ऊर्जेतला फरक मांडून पाहिला, ०.०८, ०.४२, ०.९७ असा सरळ आलेख निघाला. गाईड सरांना दाखवला, ते म्हणाले हीच पहिली स्लाइड ठेव. बी.एस्सी.च्या एका मुलाला इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांचा भाग समजावून पाहिला, त्याला होलची अडचण माझ्याआधी सुचली.

शेवटचं एकच विचारतो. टीव्ही झाला, लेझर झाला, दोन्हीकडे ढीगच लागतो. मग एकटा डॉट लागतो असं उपकरण कोणतं? आणि ४ केल्विनची ती बारीक रेषा प्रत्यक्षात कामी कुठं येते?

संत्रा_पट्टा

एकेक फोटॉन देणाऱ्या स्रोतामध्ये. एका डॉटच्या खालच्या पायरीवर एक इलेक्ट्रॉन-होल जोडी बसवली की ती विरताना एकच फोटॉन निघतो, आणि पुन्हा जोडी भरेपर्यंत दुसरा निघूच शकत नाही. क्षीण केलेल्या लेझरला हे जमत नाही, त्यात कधी शून्य, कधी एक, कधी दोन असे फोटॉन येत राहतात. क्वांटम की वाटपासाठी, म्हणजे गुप्त संदेशाची किल्ली फोटॉनांतून पाठवण्यासाठी, दुसरा फोटॉन म्हणजे चोराला मोकळी वाट.

डॉटमध्ये दोन जोड्या बसवल्या तर त्यांच्या आपसातल्या बलामुळे पहिल्या फोटॉनची ऊर्जा थोडी वेगळी असते. रेषा बारीक असल्यामुळेच त्या दोन वेगळ्या ओळखता येतात आणि फिल्टरनं हवी तेवढी घेता येते. बारीक रेषेचा पहिला उपयोग हा. त्याच दोन फोटॉनांची गुंतलेली (एन्टँगल्ड) जोडी मिळावी असाही मार्ग आहे, पण डॉट पायाशी लांबट झाला की मधली पायरी दुभंगते, अनेकदा दहा-वीस मायक्रो इलेक्ट्रॉन-व्होल्टनं, आणि गुंतणं बिघडतं. एवढ्याशा फरकासाठी डॉटवर बाहेरून ताण देणं, विद्युतक्षेत्र देणं असे उपाय करतात.

फोटॉन सगळ्या दिशांना उधळू नयेत म्हणून डॉटभोवती आरशांच्या थरांचा सूक्ष्म खांब कोरतात. पर्सेलनं १९४६ मध्ये दाखवलं होतं की योग्य पोकळीत ठेवलेला उत्सर्जक लवकर प्रकाश देतो. इथं त्याचा थेट फायदा: १ नॅनोसेकंदचं आयुष्य बरंच कमी होतं आणि फोटॉन बहुतेक खांबाच्या तोंडातूनच बाहेर पडतो.

तुझ्या स्लाइडसाठी आलेख सांगते. प्रकाश अर्धपारदर्शक आरशानं दोन डिटेक्टरांवर वाटायचा आणि दोन्हीकडे टिकटिक होण्यातलं वेळेचं अंतर मोजायचं. पल्स लेझरनं डॉट चालवला तर आलेखात ठरावीक अंतरानं शिखरं येतात, आणि बरोबर शून्य वेळेवरचं शिखर जवळजवळ नसतं, कारण एकच फोटॉन दोन्ही डिटेक्टरांवर जाऊ शकत नाही. त्या शिखराची उंची इतरांच्या निम्म्याहून कमी असेल तर स्रोत एकट्या उत्सर्जकाचा आहे असं मानतात. अक्षांवर एकक लिही, डॉटचा पदार्थ लिही आणि तापमान लिही.